वेलमगुड्याची दुसरी बॅटरी

त्या ऑगस्टमध्ये आमची तुकडी सिरोंचाच्या वाटेवरच्या एका फॉरेस्ट रेस्ट हाऊसवर उतरली तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. एक ऑफिसर, एक जेसीओ म्हणजे सुभेदार, बावीस जवान, दोन ट्रक, दोन मोटरबोटी आणि एक जीप. काम पूरमदतीचं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि आमच्या घरी अजून सगळ्या मुलखाला चांदाच म्हणत.

मी तेव्हा नाईक होतो. ट्रेड व्हेइकल इलेक्ट्रिशियन. घर भद्रावतीचं, वडील कोळशाच्या खाणीत. लोक मला विचारतात, फौजेत कधी भीती वाटली का. सीमेवर मी फार थोडा काळ होतो. भीती वाटली ती आपल्याच मुलखात, आणि ती पाण्याची होती. मी दहा वर्षांचा असताना माझा चुलतभाऊ खाणीच्या जुन्या खड्ड्यात साचलेल्या पाण्यात बुडाला. मी काठावर उभा होतो. त्यानंतर मी गुडघ्याच्या वर पाण्यात उतरलो नाही. ट्रेनिंगमध्ये पोहण्याची टेस्ट कशी पास झालो ते माझा उस्ताद जाणे. तुकडीच्या यादीत माझं नाव लागलं त्या दिवसापासून मला जेवण नीट जात नव्हतं. हे मी कोणाला सांगितलं नाही.

तुकडीचे कमांडर कॅप्टन मेहरा. त्यांनी चार वाजता मला बोलावलं. टेबलावर नकाशा होता.

"नाईक रामटेके, कल जीप रिले स्टेशन बनेगी. सेट सुबह से शाम तक चलेगा. बैटरी का क्या करोगे?"

प्रश्न बरोबर होता. बोटी इंद्रावतीवर असणार. आमचा बेस रेस्ट हाऊसवर. मध्ये डोंगर आणि जंगल. बोटीवरच्या छोट्या सेटचा आवाज बेसपर्यंत पोहोचत नव्हता. म्हणून जीप मध्येच, वेलमगुडा नावाच्या गावाच्या उंचवट्यावर उभी करायची, आणि इकडचा निरोप तिकडे द्यायचा. पण जीपला बॅटरी एक. वायरलेस सेट तीच बॅटरी खाणार. दोनतीन तास सेट चालला की स्टार्टर फिरणार नाही, जीप जागेवर मेली. इंजिन दिवसभर चालू ठेवायला पेट्रोल नव्हतं. पेट्रोल आधी बोटींना.

मी म्हणालो, "सर, दुसरी बॅटरी बसवतो."

ट्रकमध्ये एक जादा बॅटरी होती. हायड्रोमीटरनं तपासली. पाच सेल ठीक, एक सेल कमजोर. दुसरी नव्हतीच. रेस्ट हाऊसच्या मागच्या शेडमध्ये मी कामाला लागलो. माझ्याबरोबर लान्सनाईक वसंत मडावी होता, वायरलेस ऑपरेटर. त्याचं गाव एटापल्लीच्या आतल्या बाजूला. गोंडी त्याच्या आईची भाषा, म्हणून त्याला मुद्दाम या तुकडीत घेतलं होतं. वय चोवीस. फौजेत आम्ही हिंदी बोलायचो, पण दोघंच असलो की गावची बोली सुरू व्हायची.

आम्ही मागच्या सीटखाली सागाच्या फळ्यांची पेटी केली. आत रबराचा तुकडा घातला, म्हणजे बॅटरी उडणार नाही. वरच्या बाजूला भोकं पाडली, कारण चार्ज होताना बॅटरी गॅस सोडते आणि तो कोंडला तर एका ठिणगीनं पेटी फुटते. चेसिसवरचा रंग खरवडून लोखंड उघडं केलं आणि तिथं अर्थची पट्टी आवळली. जाड केबल एका बाद ट्रकची काढलेली होती. ती पत्र्यातून जाते तिथं रबर लावलं, बॅटरीजवळ फ्यूज दिला, टर्मिनलला व्हॅसलीन चोपडलं. शेवटी दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये हातानं चालवायचा एक मोठा स्विच बसवला.

मडावीनं विचारलं, "हे काऊन, भाऊ? सरळ जोडून टाकाच्या ना दोन्ही."

"सरळ जोडल्या तर सेट दोन्ही खाईल. इंजिन चालू असलं की स्विच खाली. दोन्ही जोडल्या, डायनॅमो दोघींले चार्ज करते. इंजिन बंद केलं की स्विच वर. मग सेट फक्त मागची खाते. समोरची भरून राह्यते, स्टार्टरसाठी."

"अन् इसरलो तं?"

"तं मागची तिले ओढून खाली आणते. तिचा एक सेल बिमार हाय. बिमार बॅटरी चांगलीले खाते."

तो हसला. "माणसावानीच हाय म्हना."

मी डॅशबोर्डवर पांढऱ्या रंगानं लिहिलं: इंजिन बंद, स्विच वर. अक्षर चांगलं आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघालो. जीपमध्ये तिघं: ड्रायव्हर हरिराम, राजस्थानचा, मडावी आणि मी. मी कशाला, तर नवीन काम माझं होतं, आणि ते बिघडलं तर दुरुस्त करायला माणूस हवा. रेस्ट हाऊसपासून वेलमगुडा बावीस किलोमीटर. वाटेत दोन नाले. पहिल्या नाल्यात पाणी चाकाच्या हबपर्यंत. दुसऱ्यात बंपरपर्यंत. हरिराम पहिल्या गिअरमध्ये, एक्सलरेटर न सोडता गाडी नेत होता. पाणी दारातून आत आलं आणि माझ्या बुटांवरून गेलं. मी सीटची कड धरली होती. पलीकडे गेल्यावर बोटं उघडेनात.

मडावीनं ते पाहिलं. त्यानं बिडी पेटवून माझ्या हातात दिली.

आठ वाजता उंचवट्यावर पोहोचलो. वर एक शाळा, दोन खोल्यांची, कौलारू. खालच्या अंगाला झोपड्या, त्यांच्या पलीकडे दुसरा नाला. गावातली चाळीसेक माणसं आदल्या दिवशीच शाळेत येऊन बसली होती, कोंबड्या आणि मोहाची पोती घेऊन. मडावी त्यांच्याशी गोंडीत बोलला. एक म्हातारी पायरीवर बसून नाल्याकडे बोट दाखवत होती आणि एकच शब्द म्हणत होती. एर, एर. मी मडावीला अर्थ विचारला.

"पानी."

एरियल लांब तारेचा होता. एक टोक शाळेच्या आढ्याला, दुसरं टोक उताराच्या कडेला असलेल्या ऐनाच्या झाडाला, दोरीनं बांधलं. साडेआठला सेट सुरू झाला. कॅप्टन साहेबांची बोट अल्फा, बेस ब्राव्हो, आम्ही चार्ली. ज्याला हाक मारायची त्याचं नाव आधी; मडावीनं बोटीला हाक दिली.

"अल्फा फॉर चार्ली, हाउ डू यू हिअर? ओव्हर."

"चार्ली, लाउड अँड क्लिअर. ओव्हर."

साडेदहापर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. बोटींनी पलीकडच्या एका गावातून दोन खेपा केल्या. दर तासाला पंधरा मिनिटं इंजिन चालवायचं, स्विच खाली. बंद केलं की स्विच वर. मी दर वेळी मोठ्यानं म्हणायचो, "स्विच वर," आणि मडावी मान हलवायचा.

अकरा वाजता हरिराम खाली जाऊन आला. आम्ही ओलांडून आलो तो नाला आता जीपनं ओलांडण्यासारखा राहिला नव्हता. साडेअकराला झोपड्यांच्या पलीकडच्या नाल्याचं पाणी पहिल्या झोपडीत शिरलं. म्हणजे आम्ही चारी बाजूंनी वेढलो गेलो होतो. पाणी मातकट होतं आणि त्याला आवाज होता, दगडांवर दगड घासल्यासारखा. मी शाळेच्या भिंतीशी उभा राहिलो तरी तो आवाज पायातून वर यायचा. माझी पाठ घामानं भिजली होती, पाऊस पडत असूनही. उंचवटा किती उंच आहे, हेच मी पुन्हा पुन्हा मोजत होतो. शाळेची पायरी, जोतं, खिडकी, कौलं. कौलांवर चाळीस माणसं बसतील का?

बाराला हरिराम म्हणाला, "उस्ताद, गाडी ऊपर लेते हैं."

पाणी जीपपासून पन्नास पावलांवर होतं. मी धावत गेलो. स्विच खाली केला, म्हणजे दोन्ही बॅटऱ्यांचा जोर मिळेल. हरिरामनं स्टार्टर मारला, इंजिन लागलं, गाडी शाळेच्या मागे, सगळ्यात उंच जागी नेली. एरियलची तार तिथवर पुरली. इंजिन बंद केलं. त्याच वेळी खालची एक झोपडी बसली. छप्पर तसंच्या तसं पाण्यावर फिरलं आणि गेलं. बायका ओरडल्या. मी तिकडे पाहत राहिलो.

स्विच खालीच राहिला.

हे मला दोन वाजून दहा मिनिटांनी कळलं. तोपर्यंत सेट सतत चालू होता. बोटींकडून बेसला, बेसकडून बोटींना. इंजिन पुन्हा चालवलं नव्हतं, कारण सकाळी एक जेरिकन बोटींना दिला होता आणि उरलेलं पेट्रोल परतीला राखायचं, असं हरिराम म्हणाला आणि मी हो म्हणालो. मडावीनं हाक मारली, "भाऊ, आवाज बसून राह्यला." मी जीपमध्ये डोकं घातलं. पहिल्यांदा डॅशवरची माझीच अक्षरं दिसली. मग स्विच.

हायड्रोमीटर लावला. मागची गेलेली. समोरची जेमतेम. स्टार्टरची कळ दाबली तर नुसतं टक् झालं.

मी मडावीला म्हणालो, "माझ्याच्यानं चुकलं. स्विच खाली राह्यला. दोन्ही गेल्या."

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. "हँडल हाय ना?"

"हाय."

"मंग मारू हँडल."

तेवढ्यात बेसचा आवाज आला. ऐकायला थोडा करंट लागतो, म्हणून ऐकू येत होतं.

"चार्ली फॉर ब्राव्हो. अर्जंट मेसेज फॉर अल्फा. नदी के ऊपर के हिस्से से बड़ा पानी आ रहा है. एक घंटे में चार फुट. बोट मेन धारा में नहीं जाएगी. आय से अगेन, नहीं जाएगी. पास इट नाउ. ओव्हर."

वेळ दोन वाजून अठरा मिनिटं. तीन वाजता दोन्ही बोटी माणसं भरून मुख्य धारा ओलांडणार होत्या. शेवटची खेप. बायका-मुलं धरून साठ माणसं आणि आमचे आठ जवान.

मडावीनं माइक दाबला. "अल्फा फॉर..." सेटमधला दिवा विझला. माइक सोडला, दिवा आला. बोलायला जास्त करंट लागतो. तो आमच्याकडे नव्हता. आम्हाला ऐकू येत होतं आणि सांगता येत नव्हतं.

हरिरामनं इंजिन हातानं फिरवायचं हँडल पुढून घातलं. पहिल्या झटक्यात काही नाही. दुसऱ्यात इंजिननं उलटा मार दिला आणि हँडल त्याच्या मनगटावर बसलं. तो खाली बसला. मनगट लगेच सुजलं. मी डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं. आत ओल. बनियन काढून आतून पुसलं. झाकणाची क्लिप मला लागेना, तेव्हा मडावीनं माझी बोटं बाजूला करून ती लावली. मग आम्ही दोघांनी आळीपाळीनं हँडल मारलं. पाच, सहा, सात वेळा. माझ्या तोंडातून आवाज निघत होता, तो रडण्याचा होता की जोराचा, मला सांगता येणार नाही. दोन त्रेचाळीसला इंजिन लागलं. हरिराम एका हातानं स्टिअरिंग धरून एक्सलरेटरवर बसला. डायनॅमोचा लाल दिवा विझला, म्हणजे चार्ज सुरू झाला.

मडावीनं माइक दाबला. या वेळी सेटचा दिवा टिकला.

"अल्फा फॉर चार्ली, अर्जंट मेसेज. ओव्हर."

काही नाही. फक्त खरखर. पुन्हा हाक. पुन्हा खरखर.

त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं. मीही पाहिलं. एरियल खाली आला होता. उताराच्या कडेच्या ऐनावर बांधलेली दोरी तुटली होती आणि तार चिखलात पडली होती. पाणी झाडाच्या बुंध्याला लागलं होतं. दोन अठराला ही तार वर होती, हे मी स्वतः पाहिलं होतं. मधली पंचवीस मिनिटं हँडल मारण्यात गेली.

कोणीतरी झाडावर चढून तार धरायला हवी होती. सेट चालवणं मडावीचं काम. मला माइक दाबणं आणि बोलणं येत होतं, एवढंच. नियमानं तो सेटवर आणि मी झाडावर. मी जीपच्या दाराशी उभा होतो. झाड साठ पावलांवर. मी एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. मग गुडघे चालेनात.

मडावी खाली उतरला. बूट काढले.

"तुम्ही सेटवर बसा, भाऊ. मले झाडावर चढता येते. तुमाले पोहता येत नाई."

त्याला हे मी कधी सांगितलं नव्हतं.

मला त्या क्षणी काय वाटलं ते मी लिहितो, कारण ते कुठल्याच कागदावर नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

तो तार घेऊन गेला. मांडीभर पाण्यातून बुंध्याशी पोहोचला आणि चढला. दोन पुरुष उंचीवर पहिली फांदी होती. तिच्यावर उभा राहून त्यानं तार एका हातानं डोक्यावर ताणून धरली. दुसरा हात खोडाला. बांधायला दोरी उरली नव्हती. त्यानं ओरडून सांगितलं, "बोला!"

मी माइक दाबला.

"अल्फा फॉर चार्ली. अर्जंट मेसेज. ओव्हर."

तिसऱ्या हाकेला कॅप्टन साहेब आले. आवाज लांबून, विहिरीतून आल्यासारखा.

"चार्ली, अल्फा. सेंड. ओव्हर."

मी मेसेज वाचला. मध्येच आवाज तुटला.

"चार्ली, रिपीट करो. रिपीट. ओव्हर."

मी पुन्हा वाचला. शब्द सुटे करून. बोट मेन धारा में नहीं जाएगी. नहीं जाएगी. माझा आवाज मला परक्याचा वाटत होता. मग काही सेकंद नुसती खरखर, आणि मग:

"रॉजर. बोट किनारे पर रहेगी. हम यहीं रुक रहे हैं. आउट."

दोन बावन्न.

मी दारातून अर्धा बाहेर आलो आणि ओरडलो, "गेला मेसेज! वसंता, खाली ये!"

त्यानं हात वर केला. त्याच वेळी झाडाखालची कड सुटली. आवाज मोठा झाला नाही. ऐन सावकाश बाहेरच्या बाजूला कलला, जसा कोणी टेकायला जावं तसा, आणि पाण्यात आडवा झाला. फांद्या एकदा वर आल्या. मला त्याचा खाकी शर्ट दिसला. मग झाडच वळलं आणि नाल्याच्या मधल्या धारेला लागलं.

मी धावलो. पाण्यात कमरेपर्यंत गेलो. कसा गेलो ते मला आठवत नाही. हरिरामनं आणि गावातल्या दोघांनी मला पट्ट्याला धरून मागे ओढलं. पायरीवरची म्हातारी खाली आली होती. तिनं माझं डोकं आपल्या लुगड्याच्या पदरानं पुसलं आणि काही तरी म्हणाली. त्याचा अर्थ सांगणारा माणूस गेला होता.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी मोठं पाणी आलं. इंद्रावतीची धार आम्हाला दिसत नव्हती, पण आवाज आला. बोटी काठावर, झाडांना बांधलेल्या होत्या. साठपैकी कोणीही गेलं नाही. आमच्या उंचवट्यावर पाणी शाळेच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं आणि थांबलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बोटीनं आम्हाला काढलं. वसंता तिसऱ्या दिवशी खालच्या एका गावातल्या मासे धरणाऱ्या ढिवरांना सापडला. तारेचा तुकडा त्याच्या मनगटाला गुंडाळलेला होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मी स्विचची गोष्ट सांगितली. प्रेसायडिंग ऑफिसरनं विचारलं, "यह किसी और ने देखा था?" मी म्हणालो, नाही सर, मी स्वतः सांगतो आहे. मला सीव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे नोंदीवरची कडक ताकीद मिळाली. बाहेर आल्यावर कॅप्टन मेहरा म्हणाले, "रामटेके, पेड़ पानी ने गिराया." मी "येस सर" म्हणालो. झाड पाण्यानं पाडलं, हे खरं आहे. त्या झाडावर तो उभा का होता, हे मला माहीत होतं.

पुढे मी पंधरा वर्षं नोकरी केली, हवालदार झालो, बऱ्याच गाड्यांना दुसरी बॅटरी बसवली. प्रत्येक वेळी मधला स्विच असा बसवला की तो हातानं चालवायची गरजच पडू नये. इंजिन बंद झालं की रिले नावाच्या विजेच्या खटक्यानं आपोआप सुटायचा. नव्या पोरांना मी कारण सांगायचो नाही. नुसतं म्हणायचो, माणसाच्या हातावर सोडू नका, हात घाबरतो.

त्याच वर्षी, पाणी ओसरल्यावर, दिवाळीच्या आधी, सुट्टी काढून मी वसंताच्या गावी गेलो. एटापल्लीपासून पुढे पायी. त्यांच्यात गेलेल्या माणसासाठी गावाबाहेर दगड उभा करतात. वसंताचा दगड नवा होता, कमरेएवढा, वर शेवाळ नाही. बाजूला जुन्या पिढ्यांचे दगड, काही कललेले. त्याची आई घरातून बाहेर आली नाही. बाप अंगणात बांबूच्या टोपल्या विणत बसला होता. त्यानं मला खाट दिली, पाणी दिलं.

मी सगळं सांगितलं. बॅटरी, स्विच, पंचवीस मिनिटं, झाड. माझे गुडघे चालले नाहीत, तेही सांगितलं. तो ऐकत होता आणि हात चालू होते. माझं संपलं. मग हात थांबले.

"तो निरोप गेला होता का?"

"हो, बाबा. गेला होता."

"त्याले माहीत झालं होतं का, गेला म्हणून?"

"मी ओरडून सांगितलं. त्यानं हात वर केला."

म्हातारा मान हलवत राहिला. मग आत वळून गोंडीत बायकोला काही सांगितलं. आतून हुंदका आला, लांब, आणि त्यानंतर ती पहिल्यांदा दारात आली.

लान्सनाईक वसंत मडावीनं हात वर केला होता, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझं ऐकू आलं म्हणून केला, की पायाखालची फांदी हलली म्हणून तोल सावरायला केला, हे मला माहीत नाही. त्या दिवशी मी त्याच्या बापाला पहिलं सांगितलं. दुसरं आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.